सुळ्याच्या अलीकडचा

चकलीने पाडला.
दिवाळी उलटून तीन आठवडे झालेले, डब्याच्या तळाशी एकच उरलेली.
मुकुल म्हणाला, चहात बुडव.
मी म्हणाले, चकली कोणी बुडवतं का?
कट्.
अर्धा हातात आला, मक्याच्या दाण्याएवढा.
छप्पन्न वर्षं मी त्याला मोठा समजत होते.

उरलेला डॉक्टर प्रॉसरने काढला, स्वान्सीत,
आणि आज तिने माझ्यापुढे तीन कागद ठेवलेत.

हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. सहा महिने. अडीच हजार पौंड.
'मरेपर्यंत टिकेल,' ती म्हणते,
मग प्रामाणिकपणे, 'त्यानंतरही.'
मला दिसतो दिगंबरदादा, अस्थी सावडताना
राखेतून काहीतरी उचलून चष्म्याजवळ नेणारा :
हे आपल्या घरातलं नाही.

मग पूल. शेजारचे दोन दात तासून बारीक करायचे,
त्यांच्या खांद्यांवर मधला, कावडीसारखा.
शेजारचे दोन्ही ठणठणीत आहेत.
मला मिसेस बेडो आठवते, पलीकडच्या दारातली,
बर्फ पडला की स्वतःच्या आधी
आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकणारी.
चांगल्या शेजाऱ्यांना कोणी तासतं का?

राहिली कवळी.
एकाच दाताची, गुलाबी, तारेचा आकडा असलेली,
रात्री काढून पेल्यात ठेवायची.
शब्द ऐकताच माझे गुडघे दुखायला लागतात.
खरं तर आमच्याकडे काकडीही कवळी असते,
बिया न धरलेली, मीठ लावून खायची.
हे मी डॉक्टरला सांगत नाही. सांगता आलं नसतं.

मुकुलने लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडलाय.
'नाहीतर तसंच राहू दे,' तो म्हणतो, 'कोण बघतंय?'
बघत कोणीच नाही. ऐकतात.
रविवारी नलूताईचा फोन बार्शीहून :
'तुझ्या तोंडात शिट्टी कोणी घातली गं?'
चिमणीचा च शाबूत आहे माझा. चहाचा गेला.
जिवाचा ज आहे, जगाचा निसटतो,
फटीतून वारा होऊन जातो.
शाळेत बाईंनी हे दोन च कधी वेगळे लिहून दाखवले नाहीत,
अक्षर एकच, म्हणाल्या, फरक तोंडाला ठाऊक असतो.
तो फरक कुठे राहत होता ते आत्ता कळलं.

'बोलताना कुठे अडतं?' डॉक्टर विचारते.
मी माझ्या गावाचं नाव सांगते, पत्त्याच्या रकान्यातलं,
ते देवनागरीत लिहायला घेतलं तर हात थांबतो :
लानेली? थ्लनेथ्ली? ख्लनेख्ली?
एकवीस वर्षं मी ते चुकीचं म्हणतेय,
बसचे ड्रायव्हर माझ्या तोंडचं गाव
दुरुस्त करून तिकिटाबरोबर परत देतात.
आज जीभ वर टेकली, कडेने वारा गेला,
आणि डॉक्टर प्रॉसर हातमोजे काढता काढता थांबली.
'पुन्हा म्हणा.'
मी पुन्हा म्हटलं.
'माझी आजी असंच म्हणायची,' ती म्हणाली,
'अगदी असंच. तिलाही दात नव्हते.'
हसता हसता माझी बधिर बाजू ओघळली.

कवळी, मी म्हणाले. काढता-घालता येणारी.

मग तिने रंगांची पट्टी काढली,
पांढऱ्याच्या सोळा तऱ्हा, खिडकीजवळ माझ्या ओठांशी धरून.
सर्वांत पांढरा सुंदर होता आणि खोटा.
मी तिसऱ्या ओळीतला निवडला, जरासा मळका,
तीस-चाळीस वर्षं चहा प्यायलेला.

बाहेर पाऊस नाही, ऊनही नाही, स्वान्सीचं ते तिसरंच काहीतरी.
कवळी यायला तीन आठवडे.
तोवर रविवारी फोन मुकुलने घ्यायचा, असं ठरलंय.

बस आली. ड्रायव्हर नवा, पोरसवदा.
'कुठे?'
मी सांगितलं.
त्याने वर पाहिलंही नाही,
तिकीट फाडून दिलं.